घेणाऱ्याची ओळ

ताकाओका, १४ एप्रिल

चिगुसा,

पत्राची सुरुवात ऋतूने करावी, चेरीचा बहर ओसरला, आपली प्रकृती उत्तम असेलच, अशी आपल्याकडची रीत. पण चोवीस वर्षांनी लिहितोय. म्हणजे वर्षाला चार धरून शहाण्णव ऋतूंची विचारपूस राहून गेली. ती एका परिच्छेदात उरकणं तुझाही अपमान आणि ऋतूंचाही. म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

मी रेइजी, तुझा दादा. अक्षरावरून ओळखलं असशीलच, अजून तसंच आहे, मुंग्यांचे पाय शाईत बुडवून सोडल्यासारखं. तरी नाव लिहिलं, कारण हे पत्र कुणा भामट्याचं आहे असं तुला वाटू नये. हल्ली म्हाताऱ्यांना फोन करून पैसे उकळणाऱ्यांचा फार सुळसुळाट झालाय, आणि त्यांच्यामुळेच गेल्या मंगळवारी मला वर्ग अर्धवट टाकून बँकेत धावावं लागलं. चतुर्थी विभक्ती शिकवत होतो. संस्कृतला यंदा चार विद्यार्थी आहेत. त्यांना फारसं दुःख झालं नाही.

फोन बँकेतल्या मुलीचा होता. "तुमचे वडील इथे बसलेत. ऐंशी लाख येन रोख मागतायत. कशाला म्हणून विचारलं तर सांगत नाहीत. आम्ही पोलिसांना बोलावलंय, तुम्ही पण या."

मी पोचलो तेव्हा बाबा सोफ्यावर ताठ बसले होते, आपल्या सार्वजनिक न्हाणीघराच्या गल्ल्यावर बसायचे तसे. समोर एक तरुण हवालदार गुडघे टेकून, आवाजात मध घालून विचारत होता, "आजोबा, तुम्हाला मुलाचा फोन आला होता का? बाबा, मी अडचणीत आहे, लगेच पैसे द्या, असा?"

"माझा मुलगा अडचणीत असला की फोन करत नाही," बाबा म्हणाले. "जेवायला येतो."

"मग हे पैसे कुणाला द्यायचेत?"

"मला."

"तुमचेच पैसे तुम्हालाच?"

"काही हरकत?"

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी ओळखपत्र काढून दाखवलं की तो जेवायला येणारा मीच. त्या दिवशी पैसे मिळाले नाहीत. घरी आल्यावर दारात बूट काढताना बाबा म्हणाले, "सात वर्षं."

मग हळूहळू कळलं. न्हाव्याने त्यांना सांगितलं की आईबापांनी मरायच्या आधी मुलांना दिलेले पैसे सरकार मागे ओढतं, वारशात धरतं आणि त्यावर कर लावतं. पूर्वी शेवटच्या तीन वर्षांतलं ओढायचे, आता हळूहळू सात वर्षांपर्यंत नेणार. "मी पंच्याऐंशीचा," बाबा म्हणाले. "सात धरली तर ब्याण्णव. एवढा वेळ नाहीय माझ्याकडे. म्हणून पैसे घरी आणून ठेवणार. कपाटातल्या पैशाला नाव नसतं."

"पण देणार कुणाला?"

ते उठले आणि चहाचं पाणी ठेवायला गेले.

मला कुतूहलाचा रोग आहे. बुधवारी ते दाताच्या डॉक्टरकडे गेले तेव्हा मी कपाट उघडलं. त्यात पैसे नव्हते. होता तो पत्र्याचा डबा, आईच्या अक्षरात "विसरलेल्या वस्तू" लिहिलेला. गिऱ्हाइकांचे राहिलेले कंगवे, अंगठ्या आणि एकदा एक दातांची कवळी ज्यात ठेवली होती, तोच. न्हाणीघर विकून सात वर्षं झाली (तिथे आता औषधांचं दुकान आहे. पुरुषांच्या हौदाच्या जागी शांपू मिळतात, बायकांच्या बाजूला खोकल्याची औषधं), पण डबा बाबांनी ठेवलाय.

आत एक पासबुक. नाव सावागुची चिगुसा. नववर्षाला मिळणाऱ्या पैशांसाठी आईने तुझं खातं उघडलं होतं ना, तेच. त्यात गेली चोवीस वर्षं दर जानेवारीत दहा लाख नव्वद हजार येन भरलेत. अकरा लाखांपर्यंतच्या देणगीवर कर नाही, म्हणून दहा हजार कमी. एकदाही काढलेले नाहीत.

तुला हे ठाऊक होतं का? माझा अंदाज, नाही.

सोबत देणगीचा एक फॉर्म पाठवतोय, नावं मी भरली आहेत. "घेणार" लिहिलंय त्या ओळीवर सही कर, तुझा नावाचा शिक्का मार आणि परत पाठव. मनात आणखी काही आणू नकोस. कागदाचं काम आहे. तुझा पत्ता त्याच डब्यात मिळाला. तो तिथे कसा आला याचा शोध चालू आहे.

रेइजी


ताकाओका, ६ मे

चिगुसा,

तुझं उत्तर नाही. तिकडे पार उत्तरेत, राउसुत, बर्फ अजून वितळायचा असेल आणि पोस्टमन कुत्र्यांच्या गाडीवरून येत असेल, असं स्वतःला समजावतोय. उत्तर नको होतं तर मी पुन्हा लिहायला नको होतं, हेही समजतं. पण शोधाचं थोडं पुढे सरकलंय आणि ते सांगायला दुसरं कुणी नाही.

मी बाबांना करसल्लागाराकडे नेलं. कुराताबाई म्हणून आहेत, स्टेशनमागे, साठीच्या. टेबलावर एक कासव ठेवलंय, खरं. बाबांनी डबा उघडला. पासबुकाखाली चोवीस करारपत्रं निघाली, दर जानेवारीचं एक, बाबांनी हाताने लिहिलेली. "मी, इसाबुरो, माझी मुलगी चिगुसा हिला ही रक्कम देतो." खाली, "मी, चिगुसा, ही रक्कम घेते." दोन्हीखाली शिक्का.

कुराताबाईंनी भिंग लावलं. "सावागुचीसाहेब, 'घेते' हे कुणी लिहिलंय?"

"चिगुसाने."

"अक्षर तुमचंच दिसतंय."

"ती माझ्यावर गेलीय."

"आणि शिक्काही एकच?"

"घर एकच आहे," बाबा म्हणाले.

"घेणारी त्या घरात राहते का?"

कासवाने मान आत घेतली. बाबांनीही.

तुला आठवतो ना तो शिक्का? स्टेशनरीच्या दुकानात फिरत्या मांडणीवर मिळणारा, सावागुची असं खोदलेला, एक कडा उडालेला. शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून पोस्टाच्या पावतीपर्यंत सगळ्यावर आपण चौघं तोच मारायचो. बाबांना आयुष्यात कधी वाटलंच नाही की हा एका माणसाचा शिक्का असतो. तो घराचा. देणाराही घर, घेणाराही घर.

बाई फार शांतपणे म्हणाल्या, "देणगी हा करार असतो. एकाने देतो म्हणायचं, दुसऱ्याने घेतो म्हणायचं. तुमचा अर्धाच करार झालाय, चोवीस वेळा. हे पैसे अजून तुमचेच आहेत."

"पासबुकावर नाव तिचं आहे."

"नाव तिचं. पासबुक कुणाच्या कपाटात? शिक्का कुणाच्या खणात? तुम्ही गेल्यावर कर खात्याची माणसं येतील. फार नम्र असतात, मोजे स्वच्छ असतात. पहिल्यांदा हाच डबा उघडतील. आणि ते ऐंशी लाख घरी आणायचं तर विसराच. कपाटात पैशाला नाव नसेल, पण बँकेतून निघाला तेव्हा होतं."

इथे मला राहवलं नाही. वीस वर्षं मी हेच शिकवतो, आणि पहिल्यांदाच ते कुणाच्या उपयोगाचं होतं. मी सांगितलं, की संस्कृतात ज्याला द्यायचं त्याची चतुर्थी होते, पण धोब्याला कपडे दिले तर चतुर्थी नाही, षष्ठी. कारण कपडे आपलेच राहतात, आपण फक्त ते त्याच्याकडे ठेवलेले असतात. बाबांनी चोवीस वर्षं धोब्याला कपडे दिलेत.

"मी न्हाणीघर चालवत होतो," बाबा म्हणाले. "कपडे ज्याचे त्याने सांभाळायचे."

कुराताबाई मात्र माझ्याकडे नव्या नजरेने बघू लागल्या. हे मी उगाच लिहीत नाही. फार वर्षांनी घडलं.

त्यांचं म्हणणं एवढंच. डब्यातलं सगळं बाबांचंच समजून चालायचं आणि त्यावर लागेल तो कर लागू द्यायचा. पण यंदापासून एक तरी देणगी खरी करायची. तू तुझ्या हाताने लिहायचं, तुझा वेगळा शिक्का मारायचा, पासबुक ताब्यात घ्यायचं. "आणि लवकर करा. देणं जिवंत माणसांत होतं. नंतर होतो तो वारसा."

परत येताना बाबा बसमध्ये म्हणाले, "वारसा काय, भूकंपासारखा. घरात असेल त्याच्या अंगावर पडतो. मला द्यायचंय."

शोधातलं दुसरं. त्या चोवीस कागदांवर तुझा पत्ताही आहे, आणि तो दरवर्षी ताजा. सुरुवातीला उत्तरेकडच्या हाकोदातेचा. मग सहा कागद कुशिरोचे. मग राउसु. चोवीस वर्षं या घरात तुझं नाव निघालं नाही. तू कुठे आहेस हे मला माहीत नव्हतं. त्यांना घर क्रमांकासकट माहीत होतं. कसं?

हेही लिहून ठेवतो, म्हणजे तुझ्या मनात शंका नको. तू सही केली नाहीस तर सगळं वारशात जाईल आणि त्यातलं अर्धं मला मिळेल. तेव्हा स्वतःचं नुकसान व्हावं म्हणून चिकाटीने पत्रं लिहिणारा या प्रांतातला बहुधा मी एकटाच.

रेइजी


ताकाओका, २५ मे

चिगुसा,

तुझं कार्ड मिळालं. चित्र सुंदर आहे, बर्फावरचा तो सील प्राणी फारच आपल्या बाबांसारखा बसलाय.

मजकूर दोन वाक्यांचा. "मला काही नको. माझं एकदा परत आलंय, तेवढं पुरे."

पहिलं वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं. दुसरं नाही. त्याचा अर्थ मला लागला नाही असं लिहिणार होतो. तसं न लिहिता तो विषय जरा बाजूला ठेवतो.

पत्त्याचं कोडं सुटलं. नगरपालिकेत माझा एक जुना विद्यार्थी आहे. संस्कृत सोडून सुखी झालेल्यांपैकी. तो म्हणाला, "सर, तुमचे बाबा दर डिसेंबरला येतात. आमच्याकडे सगळे ओळखतात त्यांना." कुटुंबाच्या नोंदीला एक पुरवणी असते, घरातलं कोण कधी कुठे राहायला गेलं त्याची. तू लग्न केलं नाहीस, वेगळी नोंद काढली नाहीस, म्हणून तू अजून बाबांच्याच पानावर आहेस. त्यांना कुणालाही काही विचारावं लागत नाही. स्वतःचाच कागद मागायचा, तीनशे येन भरायचे, खिडकीपासून जरा लांब जाऊन शेवटची ओळ वाचायची.

"एका वर्षी ओळ बदललेली होती," तो म्हणाला. "आजोबांनी मला विचारलं, हे राउसु कुठे आलं? मी भिंतीवरच्या नकाशात दाखवलं. अगदी टोकाला. ते म्हणाले, एवढ्या थंडीत! आणि गेले."

तू जाताना जे भांडण झालं त्यातलं मला सगळं आठवतं, कारण मी जिन्यात बसून ऐकत होतो. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि बाबांना वाटत होतं की गल्ल्यावर आईच्या जागी तू बसावंस. तू म्हणालीस, मी त्या उंच खुर्चीत बसून आयुष्यभर उघडी माणसं बघणार नाही. ते म्हणाले, जातेस तर परत येऊ नकोस. तू म्हणालीस, तुमचा एक येन नको. दोघांनी शब्द पाळला. या घरात हट्ट सोडून काही टिकत नाही.

बाबांना हल्ली जरा धाप लागते. जुलैत एक छोटीशी शस्त्रक्रिया आहे. काळजीचं कारण नाही.

फॉर्म पुन्हा पाठवतोय. पहिला तू फाडला असशील.

रेइजी


ताकाओका, १२ जून

चिगुसा,

मागच्या पत्रात दोन गोष्टी नीट लिहिल्या नाहीत. शस्त्रक्रिया छोटी नाही. हृदयाची झडप बदलायची आहे, सोळा जुलैला सकाळी. डॉक्टर म्हणाले, या वयात आम्ही आकडे सांगत नाही.

दुसरी गोष्ट तुझ्या दुसऱ्या वाक्याची.

तू गेलीस त्या वर्षीचा मे महिना. गुरुवार, न्हाणीघराची सुट्टी. बाबा मोठ्या हौदात उतरून फरशा घासत होते. दारात पोस्टमन आला. तपकिरी कागदातलं पार्सल, हाकोदातेहून, तुझ्या अक्षरात बाबांचं नाव. मी हातात घेतलं. जड नव्हतं. हलवून पाहिलं, काही वाजलं नाही. नोकरीला लागून तुला महिना झाला होता. म्हणजे काय ते कुणालाही कळलं असतं. पहिल्या पगारातून आईबापांना काही पाठवतात, ते.

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. समासांवर प्रबंध लिहीत होतो आणि बाबांचा भात खात होतो. पहिला पगार ही गोष्ट मला माहीत होती ती व्याकरणातल्या उदाहरणासारखी. वाक्यात असते, प्रत्यक्षात असेलच असं नाही. पार्सल घरात आलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अख्खं हौदभर गाव बाबांना विचारणार हे मला दिसत होतं. "इसाबुरो, धाकटीने पाठवलं म्हणे! आणि थोरला?"

मी एक चिठ्ठी घेतली. तिच्यावर लिहिलं, "घेण्यास नकार". गल्ल्यावरचा शिक्का उचलून खाली मारला. चिठ्ठी पार्सलावर चिकटवली आणि पोस्टमनला परत दिली. पोस्टाचा नियमच आहे तसा, खर्च काही येत नाही. पोस्टमन म्हणाला, "नक्की ना?" मी म्हणालो, "वडिलांनी सांगितलंय."

तुला ती चिठ्ठी परत मिळाली असणार. शिक्क्याची कडा उडालेली. तो घराचा शिक्का, म्हणून तुला वाटलं, घराने नकार दिला. अक्षराकडे तू बघितलं नसशील. बघितलं असतंस तर मुंग्या दिसल्या असत्या.

बाबांना आजही माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही. आधी भीतीने, नंतर सवयीने.

आमचे वैयाकरण म्हणतात, घेणारे तीन तऱ्हेचे. कुणी मागून घेतो, कुणी होकार देऊन घेतो, आणि कुणी नुसता नाही म्हणत नाही. नाही म्हणणाऱ्याचा प्रकारच त्यांनी केलेला नाही. तो मी केला, आणि दुसऱ्याच्या नावावर.

क्षमा माग असं कुणी सांगितलेलं नाही. मीच मागतोय. आणि, तुला राग येईल, पण लिहितो, चोवीस वर्षं मला एक प्रश्न सोडत नाहीय. आत होतं काय?

रेइजी


ताकाओका, ३० जून

चिगुसा,

बाबांना सांगितलं.

काल दुपारी ते सोयाबीनच्या शेंगा सोलत बसले होते. मी समोर बसलो, टोपलीतल्या थोड्या शेंगा आपल्याकडे ओढल्या आणि एका दमात बोलून टाकलं. पार्सल, चिठ्ठी, शिक्का, वडिलांनी सांगितलंय म्हणालो ते.

ते सोलत राहिले. मग म्हणाले, "वार कोणता?"

"गुरुवार."

"तरीच. शुक्रवारी पोस्टमन आंघोळीला आला तो माझ्याकडे बघेना. मला वाटलं, फुकट बादली घेऊन जातोय की काय."

बऱ्याच शेंगा झाल्या. माझा चेहरा बघून असेल, तेच पुढे बोलले. "मी वाट बघत होतो त्याची."

"कशाची?"

"पार्सलाची. मे महिना, मग जून. सगळे पाठवतात. आलं नाही. तेव्हा म्हटलं, पोरीला पुरत नसणार. पहिल्या पगारातून काही पाठवत नाही म्हणजे उरतच नसणार. त्या थंडीत शेगडीचा खर्च किती येत असेल. पण जाताना म्हणाली होती ना, एक येन नको. पाठवलं असतं तर परत आलं असतं. म्हणून बाजूला टाकायला लागलो. मागेल तेव्हा द्यायचं."

"आणि कर?"

"कर नंतर. न्हावी म्हणाला, अकरा लाखांच्या आत ठेव, कर लागत नाही. बरं वाटलं. कर चुकवतोय म्हणून लोकांना सांगता येतं."

हे मी पुन्हा पुन्हा मनात फिरवून बघतोय, चिगुसा. तू काही पाठवलं नाहीस म्हणून त्यांना राग आला नाही. तू उपाशी असशील असं त्यांना वाटलं. माझ्या त्या एका शिक्क्यातून तुझं पासबुक भरलं. एखाद्या टीकाकाराने एवढा उलटा अर्थ लावला असता तर मी त्याला नापास केलं असतं.

मग त्यांनी डोकं वर केलं. "काय होतं त्यात?"

"माहीत नाही, बाबा."

"उघडलंसुद्धा नाहीस?"

"नाही."

"इतकी वर्षं पुस्तकं फोडून काय उपयोग? साधी दोरी सोडवता आली नाही?"

संध्याकाळी त्यांनी मला स्टेशनमागच्या दुकानात पाठवलं, स्वतःपुरता एक नवा शिक्का करून आणायला. त्यावर आडनाव नको, इसाबुरो एवढंच. "घराचा शिक्का पुरे झाला," म्हणाले. जुना त्यांनी डब्यात टाकला, विसरलेल्या वस्तूंत.

फॉर्म तिसऱ्यांदा पाठवतोय. मी काही सांगत नाही. तारीख तुला ठाऊक आहे.

रेइजी


ताकाओका, ८ जुलै

चिगुसा,

आलं.

सकाळी दहाला पोस्टमनने हाक मारली, "आजोबा, पार्सल! शिक्का लागेल." मी पुढे झालो. बाबा आतून ओरडले, "तू नको! तू लांब उभा राहा!" भिंतीला धरत, दर तीन पावलांनी थांबत ते स्वतः दारापर्यंत आले. नवा शिक्का गळ्यात दोरीने बांधलाय, शाळेतल्या पोरासारखा. शिक्का दोरीतून सोडवायला वेळ लागला. पोस्टमनने कागद धरला आणि दुसरीकडे बघत थांबला. चांगला मुलगा आहे. कागदावर इसाबुरो हा ठसा थोडा तिरका उठला, पण उठला.

तेच तपकिरी पार्सल. तू ते कधी उघडलंच नाहीस. माझी चिठ्ठी अजून चिकटलेली आहे, शाई फिकी झालीय, मुंग्या ओळखू येतात. शेजारी तुझी नवी तिकिटं, आणि दोरीखाली अडकवलेला मी पाठवलेला फॉर्म.

बाबांनी आधी फॉर्म वाचला, चष्म्याची काडी तोंडात धरून. मी भरलेली नावं तू खोडून उलटी केली आहेस. देणार, चिगुसा. घेणार, इसाबुरो. वस्तू, पार्सल एक, न उघडलेलं. तुझा शिक्का लाल, गोल, त्यावर फक्त चिगुसा. म्हणजे तुझ्याकडे तुझा शिक्का होताच. कागदाच्या मागे पेन्सिलने, "बाबांनी घेतलं तर मीही घेईन."

दोरी त्यांनी मला कापू दिली नाही. नखाने सोडवली. वीस मिनिटं लागली.

आत वाळवलेल्या समुद्री शैवालाची, कोंबूची, घडी होती, जाड, काळी, वर पांढरी साय आलेली. खोलीभर समुद्राचा वास सुटला. बाबांनी तुकडा मोडून दाढेत धरला आणि डोळे मिटले. म्हणाले, चोवीस वर्षं मुरलेला कोंबू क्योतोच्या मोठ्या हॉटेलांनासुद्धा मिळत नाही, तुझ्या मूर्खपणाने काही तरी मुरलं. हे मला उद्देशून होतं.

खाली पाकीट. त्यात दहा हजारांची एक नोट, जुन्या छपाईची, आणि तुझी चिठ्ठी. "बाबा, आईच्या जागेवर बसता आलं नाही. हे तरी घ्या."

ती त्यांनी मोठ्याने वाचली नाही. माझ्याकडे दिली. मी वाचून परत दिली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग बाबांनी नोट उजेडासमोर धरली.

"रेइजी, वर्षाला अकरा लाखांच्या आत ना?"

"आत आहे, बाबा."

"कोंबू धरून?"

"कोंबू धरूनसुद्धा."

"कुराताबाईंना विचार."

मी खरंच फोन केला. कुराताबाईंनी नोट आणि कोंबू दोन्ही लिहून घेतलं. मग म्हणाल्या की कर लागणार नाही.

"मग घेतो," बाबा म्हणाले, आणि घेणाऱ्याच्या ओळीवर सावकाश आपलं नाव लिहिलं. शिक्का या वेळी सरळ उठला. एक प्रत सोबत आहे.

आता दुसरा फॉर्म टेबलावर पडलाय. देणार, इसाबुरो, सही आणि शिक्क्यासह. घेणाऱ्याची ओळ कोरी. सोळा तारखेला अजून आठ दिवस आहेत. मी म्हटलं, हा आणि पासबुक उद्याच रजिस्टर पोस्टाने पाठवतो. बाबांनी डबा मांडीवर ओढून घेतला.

म्हणाले, तिला सांग, येऊन हातात घे. पोस्टाचा भरवसा नाही. मध्ये तुझा दादा बसतो.

रेइजी